वीजवंतीचा चेहरा

कात्रीने आयुष्यात फिल्मचा एकही तुकडा फेकला नाही. इतर एडिटर कापलेली फिल्म टोपलीत टाकत, टोपली भंगारात जाई आणि विषय संपे. कात्रीचं तसं नव्हतं. चार बोटांचा तुकडा असला तरी तो गुंडाळायचा, त्याला रबर लावायचं, पत्र्याच्या डब्यात ठेवायचा आणि सोबत एक कार्ड टाकायचं. कार्डावर चार रकाने: काय आहे, कधी कापलं, का कापलं, कोणाच्या सांगण्यावरून. अक्षर असं की छापखान्याने हेवा करावा. स्टुडिओत सगळे त्याला कात्री म्हणत; त्याच्या बायकोच्या मते मात्र त्याचं नाव कपाट पडायला हवं होतं.

बायकोला सगळे उडी म्हणत, कारण तोच तिचा धंदा होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी 'वीजवंती' या नावाचे तीन चित्रपट लागोपाठ निघाले. चंदेरी पोशाखातली, मुखवटा घातलेली, दुसऱ्या ग्रहावरून आलेली बाई. मूठ वळली की बोटांतून वीज सुटायची. रॉकेट पाण्याच्या टँकरचं, ग्रह कागदाच्या लगद्याचा आणि आकाश रंगाऱ्याचं. जाहिरातीत वीजवंती म्हणून चेहरा झळकायचा गोरीबाईचा. ही त्या वेळची पहिल्या नंबरची नटी. तिला जिना उतरायलाही कोणाचा तरी हात लागे. तेव्हा छपरावरून उडी मारणं, तारेला लटकून उडणं, चार चोरांना एका लाथेत लोळवणं, हे सगळं उडीकडे. मुखवटा एक आणि आत बायका दोन. चेहऱ्याचं काम दोन दिवसांचं, अंगाचं दोन महिन्यांचं.

उडी काळी. सावळी, गव्हाळ असली कोणाचं मन राखणारी विशेषणं नकोत, काळीच. नाक पसरट, ओठ जाड, आणि हसली की सगळं तोंड हसायचं. म्हणून तर वीजवंतीला कोपरापर्यंत हातमोजे आले. शिंप्याने तिला सांगितलं होतं की त्या ग्रहावर थंडी फार असते. मग गोरीबाईंचा गळा उघडा कसा, असं तिने विचारलं, तेव्हा शिंप्याला तोंडातल्या टाचण्या सांभाळण्याचं काम निघालं. त्या चित्रपटांची रीतच तशी होती. माणसं कोणत्याही ग्रहावरून येवोत, चांगली असली तर गोरी, वाईट असली तर हिरवी. आणि हिरवी म्हणजे उडीच्या वस्तीतली, ट्रक भरून आणलेली आणि भिंतीसारखी रंगवलेली. तिचा सख्खा भाऊ तीन चित्रपटांत मिळून तिच्याच हातून सात वेळा मेला.

दिग्दर्शक तेवढा जरा वेगळ्या डोक्याचा निघाला. तिसऱ्या चित्रपटाचा शेवट त्याने असा लिहिला: जग वाचतं, वीजवंती मुखवटा उतरवते, आणि आत गोरीबाई नसतेच. आत असते कोणीतरी भलतीच, रस्त्यात धक्का लागला तर आपण वळूनही बघणार नाही अशी बाई. "मुखवट्याखाली कोणीही असू शकतं," तो उडीला म्हणाला होता, "आणि हे तुझ्याच चेहऱ्याने सांगायचंय मला." अकरा सेकंदांचा शॉट. उडीने मुखवटा काढला, घामेजलेल्या केसांतून बोटं फिरवली आणि हसली.

चित्रपट लागला तेव्हा तो शॉट त्यात नव्हता. वीजवंती मुखवट्यासकट आकाशात गेली आणि दिवे लागले. उडीने कात्रीला विचारलं. तोपर्यंत दोघांचं जमलेलं होतं, लग्नाला महिना राहिला होता. कात्रीने सांगितलं की लॅबला आग लागली, त्यात तो शॉट गेला. आग खरोखरच लागली होती, पेपरात बातमी होती. उडी दोन दिवस रडली. कात्री दोन दिवस तिचा हात धरून बसला. त्या हातावर विसंबून तिने त्रेचाळीस वर्षं काढली.

दुःख जुनं झालं की त्याची गोष्ट होते, आणि गोष्ट फार वेळा सांगितली की तिच्यावरचा विश्वास उडतो. उडीची लेक म्हणायची, आई, तू मला बोलणाऱ्या मांजराचीही गोष्ट सांगितली होतीस. नातीने मात्र ती खरी धरली आणि शाळेत जाऊन सांगितली. वर्ग हसला. तिच्या मैत्रिणीने मोबाइलवर जुनी जाहिरात काढून दाखवली: ही बघ वीजवंती, केवढी गोरी आहे, तुझी आजी कशी असेल? नात घरी येऊन म्हणाली, "आजी, काहीतरी दाखव ना मला." उडी म्हणाली, "जळलं गं बाळा सगळं." कात्री तिथेच पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं.

निवृत्त झाल्यावर कात्रीचे डबे घरात आले होते. दोनशे सहा. पलंगाखाली, माळ्यावर, धान्याच्या कपाटात. पाहुणा साखर मागायचा आणि हातात रीळ यायचं. शेवटी उडीनेच धोशा लावला आणि त्याने ते सगळे चित्रपट संग्रहालयाला देऊन टाकले, यादीसकट. एक लेखी अट घातली: कापलेलं काहीही त्याच्या सहीशिवाय दाखवायचं नाही. एखादा डबा काढून ठेवावा हे त्याच्या मनात आलं नसेल असं नाही. पण एकशे तेरानंतर एकदम एकशे पंधरा? जगाशी खोटं बोलणं त्याला जमत होतं, यादीशी नाही.

दोन वर्षांनी संग्रहालयातून फोन आला. तिथली अधिकारी एक तरणी बाई होती, चष्म्याची काडी सतत दातांत धरणारी. तिसरा 'वीजवंती' साफसूफ करून पुन्हा दाखवायचा आहे, म्हणाली. दोघांनी यावं, काही विचारायचं आहे.

संग्रहालयाच्या तळघरात बारमाही थंडी. कात्रीला शेजारच्या खोलीत त्याचं जुनं एडिटिंगचं टेबल दिसलं आणि तो माहेरी आल्यासारखा तिकडे गेला. चष्मेवालीने मग उडीचा हात धरून तिला कपाटापाशी नेलं. तिला कोण आनंद झाला होता. "मावशी, तुमच्यासाठी एक गंमत आहे. तुम्ही फोनवर सांगितलं होतं ना, शॉट जळला म्हणून? नाही जळला. काकांनी जपून ठेवलाय. त्यांना विसर पडला असेल, इतके डबे म्हटल्यावर."

डबा एकशे चौदा. आत हातभर रुंदीचं नाही, मुठीत मावेल एवढं भेंडोळं. आणि कार्ड.

काय आहे: मुखवटा उतरतो, तिचा चेहरा, ११ सेकंद. कधी कापलं: सहा तारीख. आग लागली होती एकवीसला. त्या रात्रीचा धूर उडीने गच्चीवरून पाहिला होता, तारीख ती विसरणं शक्य नव्हतं. का कापलं: चेहरा चालत नाही. कोणाच्या सांगण्यावरून: स्वतः.

उडीने आजूबाजूची कार्डं पाहिली. 'फोकस हलला, दिग्दर्शक.' 'फार लांबतं, निर्माता.' 'नटीला मान्य नाही, निर्माता.' सगळीकडे कोणा ना कोणाचा हुकूम. अख्ख्या कपाटात 'स्वतः' असं लिहिलेलं तिला दुसरं सापडलं नाही.

तिने पुन्हा पुन्हा वाचलं. 'चालत नाही' हे तो भाजीवाल्यालाही म्हणायचा, नरम दोडका परत करताना. चष्मेवालीची पाठ वळली तसं उडीने कार्ड पर्समध्ये टाकलं. सत्तरीला पोचेपर्यंत तिने कोणाची सुईसुद्धा उचलली नव्हती.

येताना बसमध्ये कात्री टेबलाबद्दल बोलत होता. त्याच्या एका चाकाला अजून तेल लागतं, म्हणाला.

पुढचे दोन दिवस उडीने घरातले फोटो काढले. कात्रीला फोटोंचा फार नाद. घरातल्या माणसांचे बहुतेक सगळे त्यानेच काढलेले. तिने गादीवर मांडामांड केली. लेकीला आंघोळ घालताना उडी, पाठमोरी. खिडकीत उडी, बाहेर बघताना, उजेडात नुसती कड दिसणारी. छत्रीखाली उडी. समुद्राकडे चालत जाणारी उडी; त्या फोटोच्या वेळी तो म्हणाला होता, तुझी चाल काय सुंदर आहे गं, आणि ती आठवडाभर त्या वाक्यावर तरंगत होती. दोनशे बारा फोटो भरले. समोरून चेहरा असलेले पाच. त्यातले तीन तिच्या भावाने काढलेले, एक लेकीने, आणि पाचवा ओळखपत्राचा.

ज्या माणसाचं एक खोटं सापडतं त्याची खरी वाक्यंसुद्धा पुन्हा तपासावी लागतात, आणि हे काम फार वेळखाऊ असतं. पाहुण्यांसमोर तो तिला कधी टाकून बोलला नव्हता. स्टुडिओच्या समारंभांना तिला डोकं दुखतंय ना, राहा घरी, असं मायेने म्हणायचा. तिचं डोकं खरोखर किती वेळा दुखत होतं, हे तिने आठवायचा प्रयत्न केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कात्री टेबलापाशी घेवड्याच्या शेंगा चिरत होता. हे काम त्याचंच. सगळे तुकडे अर्ध्या इंचाचे, पट्टीने मापल्यासारखे.

"अहो, एकशे चौदा नंबरच्या डब्यात काय आहे?" उडीने विचारलं.

सुरी थांबली. त्याने आठवण्याचा आव आणला. ज्याला दोनशे सहा डबे तोंडपाठ, त्याने आठवायला लागावं, हाच कबुलीजबाब झाला. उडीने कार्ड काढून शेंगांच्या ढिगाशेजारी ठेवलं.

त्याने आधी निर्मात्याचं नाव घेतलं. तो हटून बसला होता, म्हणाला. उडीने चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. मग तो म्हणाला की लोक हसले होते. पहिल्या खेळाला, निवडक माणसांपुढे, तिचा चेहरा आला आणि लोक हसले; ते त्याला सहन झालं नाही, तिच्या कानावर जायला नको म्हणून त्याने कापलं. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. माणसाला आपल्याच थापेने गहिवरून येतं, तेव्हा ती त्याने बरीच वर्षं स्वतःलाही मारलेली असते.

"पहिला खेळ तीस तारखेला होता," उडी म्हणाली. "मी तुमच्या शेजारी बसले होते. इथे सहा लिहिलंय. कोण हसलं?"

कात्रीने एक शेंग उचलली आणि खाली ठेवली.

"तू हसलास?"

त्रेचाळीस वर्षांच्या अहोजाहोनंतर हे 'तू' दोघांच्या मधे टेबलावर पडलं आणि तिने ते उचललं नाही.

"नाही," तो म्हणाला. "मला लाज वाटली."

मग त्याने सांगितलं. खाली बघून, पण सरळ. शॉट उत्तम होता. फोकस नेमका, उजेड नेमका. त्याने टेबलावर तो नऊ वेळा चालवून पाहिला. आणि नवव्या वेळी त्याच्या मनात आलं की हे उद्या अख्खं शहर बघणार. त्याची आई बघणार, थोरला भाऊ बघणार, कँटीनवाले, लाइटवाले, सगळे म्हणणार, ही बघा कात्रीची. तोपर्यंत घरात त्याने एवढंच सांगितलं होतं की मुलगी सिनेमात काम करते. दिग्दर्शकाला त्याने सांगितलं, शॉट धूसर आलाय. रॉकेट मोडून टँकर परत गेला होता, पुन्हा घेणं शक्य नव्हतं. बिचाऱ्याने डोक्याला हात लावला आणि विश्वास ठेवला. त्याच विश्वासात तो पुढे वारला. पंधरा दिवसांनी लॅबला आग लागली, ती आयती सापडली.

"लग्न मला तुझ्याशीच करायचं होतं. त्यात कधी मागेपुढे झालं नाही माझं," कात्री म्हणाला. "पण सगळ्यांनी बघावं…"

वाक्य तिथेच कापलं गेलं. कापण्यात त्याचा हात कोण धरणार.

"म्हणजे घरात मी चालले," उडी म्हणाली.

तिने शेंगा उचलून चुलीवर टाकल्या, कारण अकरा वाजले होते आणि कोणीतरी ते करायलाच हवं होतं. दुपारी दोघांनी त्या खाल्ल्या. कात्री म्हणाला, मीठ बरोबर आहे. तिने ताटं घासायला टाकली.

संग्रहालयाकडून सहीसाठी आलेला कागद आठवडाभर टीव्हीवर पडून होता. सही झाली तरच शॉट जोडला जाणार होता. उडीने मागे लकडा लावला नाही. फक्त रोज सकाळी कागदावरची धूळ पुसून त्याच्यावर पेन ठेवत होती. आठव्या दिवशी कात्री म्हणाला, करतो सही. पण एक करशील का? ते कार्ड देऊ नकोस त्यांना. ती मुलगी काचेच्या पेटीत मांडून ठेवेल. लोक वाचतील.

"अजून कापायचंच आहे का?" उडीने विचारलं.

त्याने सही केली. अक्षर पूर्वीसारखंच मोत्याचं. कार्ड उडीने स्वतः नेऊन दिलं. चोरीचा माल आहे, म्हणाली, परत करायला आलेय. चष्मेवालीने तोवर यादीवरून कार्ड हरवल्याचं शोधून काढलं होतं. ते हातात घेऊन तिने पहिल्यांदाच पुरतं वाचलं, आणि चष्म्याची काडी तिच्या दातांतून सुटली. "मावशी, मला माहीत नव्हतं. मला वाटलं, मी तुम्हाला आनंदाची बातमी देतेय." उडी म्हणाली, "आनंदाचीच दिलीस. पत्ता तेवढा चुकला."

खेळ रविवारी दुपारी होता. दाराशी काचेची पेटी होती: एक हातमोजा, गोरीबाईची जाहिरात आणि ते कार्ड. कात्री बुटांकडे बघत पेटीवरून पुढे गेला. आत उडीने स्वतःच्या एका बाजूला लेक बसवली, दुसऱ्या बाजूला नात. कात्रीला रांगेच्या कडेची खुर्ची उरली.

रॉकेट दिसलं आणि लोक हसले, ग्रह दिसला आणि हसले. हिरवी माणसं आली तेव्हा तितकंसं कोणी हसलं नाही. उडीने नातीच्या कानात सांगितलं, तो तिसरा मरतोय ना, तो माझा भाऊ. मग जग वाचलं. वीजवंती टँकरच्या शिडीवर उभी राहिली, तिने हात वर नेले आणि मुखवटा काढला.

उडी कान टवकारून बसली होती. तिला बघायचं कमी आणि ऐकायचं जास्त होतं. त्रेचाळीस वर्षं ज्याच्या भीतीने तिला डब्यात ठेवलं होतं, ते हसू तिला एकदा ऐकायचं होतं. कोणी हसलं नाही. खुर्च्यासुद्धा वाजल्या नाहीत. तेव्हा कुठे तिने वर पाहिलं, आणि तिला एक अशी गोष्ट दिसली जी ती साफ विसरली होती.

पडद्यावरची ती तरणी काळी पोरगी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर कॅमेऱ्याच्या डावीकडे होती, जेमतेम चार बोटं. दिग्दर्शक म्हणाला होता, कोणाला बघून तुला बरं वाटतं, त्याच्याकडे बघ. आणि तिथे, कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, कात्री शॉटचे आकडे लिहून घेत उभा होता. ते सगळ्या तोंडाने हसणं त्याच्यासाठी होतं. टेबलावर त्याने ते नऊ वेळा पाहिलं होतं, कोणासाठी आहे हे माहीत असून.

मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "ही कोण?"

नात वळायच्या आत कडेच्या खुर्चीवरून आवाज आला, अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असा.

"माझी बायको."

टाळ्या पडल्या. लोक माना वळवून कात्रीकडे बघू लागले आणि त्याने उभं राहून हात जोडले. लोक टाळ्या वाजवत असताना बायको आपली म्हणायला छाती लागत नाही. उडीने पर्स मांडीवर सरळ केली. नात तिच्या दंडाला बिलगली होती. "आजी, तू खरं सांगत होतीस," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. उडीने तिच्या केसांवरून हात फिरवला. हे एक मिळालं, तिने मनाशी म्हटलं. हे आता कोणी कापून नेत नाही.

बाहेर चष्मेवालीने दोघांना फोटोसाठी उभं राहायला सांगितलं. उडी म्हणाली, दोघांचा नको. "ह्यांच्याकडे दे तो मोबाइल. काढू देत ह्यांनाच. समोरून."

पुन्हा अहोजाहो आलेलं ऐकून कात्रीचा चेहरा उजळला. भाबड्या माणसाला नाव बदललं की माफी मिळाली असं वाटतं. त्याने मोबाइल दोन्ही हातांत धरला, एक पाऊल मागे घेतलं, उजेड पाहिला. "इकडे बघ," तो म्हणाला.

उडी हसली. सगळ्या तोंडाने, तसंच. नात म्हणाली, अगदी सिनेमातल्यासारखी दिसतेस. लेकीलाही तसंच वाटलं, चष्मेवालीलाही. पण उडी बघत होती मोबाइलच्या काळ्या ठिपक्यात, नेमकी त्याच्या मधोमध. त्या ठिपक्याच्या वर, चार बोटांवर, कात्रीचे डोळे होते. तिथवर ती गेली नाही.

चार बोटांचा फरक. एडिटरशिवाय तो कोणाला कळत नाही. कात्रीला कळला. त्याने बटण दाबलं.